शाळेत गणित कक्ष उभारताना : अर्जापासून वेळापत्रकापर्यंत

ठाण्यातील वागळे इस्टेट परिसरात असलेल्या एका अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत मी सहावी आणि सातवीला गणित शिकवते. 2024-25 या शैक्षणिक वर्षात आमच्या शाळेत गणिताचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला आणि 2025-26 पासून त्याची तासिका वेळापत्रकात अधिकृतपणे दाखल झाली आहे. कृतीतून गणित कसे शिकवावे याबद्दल प्रशिक्षणांत भरपूर ऐकायला मिळते. पण त्यासाठी अर्ज कोणाकडे करायचा, खोली कशी मिळवायची, पैसे कोणत्या खात्यात घ्यायचे, बिले कशी लावायची, याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. सुरुवातीला मला हेच माहीत नव्हते आणि त्यामुळेच कामाचे दडपण येत होते. ज्यांच्या मनात असा कक्ष करायचे आहे त्यांना थोडा आधार मिळावा, म्हणून सगळी हकीकत क्रमाने लिहिते.

सहावीत येणाऱ्या मुलांपैकी बरीच मुले 2/3 × 3/4 हा गुणाकार अंशाला अंश आणि छेदाला छेद असा बिनचूक करतात. पण 1/3 मोठा की 1/4 असे विचारले, की त्यांतलीच अनेक मुले 1/4 असे उत्तर देतात, कारण चार हा तीनपेक्षा मोठा आहे. ऋण वजा ऋण आले की अधिक करायचे, हे त्यांना पाठ असते. मात्र −3 मधून −5 वजा करताना नक्की काय घडते, याचे चित्र डोळ्यांपुढे नसते. आधी कृती, मग चित्र आणि शेवटी चिन्ह हा मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी मांडलेला क्रम आपण सर्वांनीच बी.एड.ला अभ्यासलेला असतो. वर्गात मात्र पहिल्या दिवशीच चिन्ह फळ्यावर येते, आणि मुलाच्या हाताला काही लागण्यापूर्वीच नियम पाठ होऊन जातो.

बटणे, कागदाच्या पट्ट्या, घडीचे कागद असे साहित्य मी काही वर्षे पिशवीतून वर्गात नेत होते. पस्तीस मिनिटांच्या तासिकेतली आठ-दहा मिनिटे वाटपात आणि जवळजवळ तितकीच गोळा करण्यात जात. बाकांच्या उतरत्या फळ्यांवरून बटणे घरंगळत, शेजारच्या वर्गातून आवाजाबद्दल निरोप येई, आणि मूळ विषयाला हात घालेपर्यंत घंटा होई. साहित्य जागच्या जागी मांडलेले असेल आणि मुले तिथे चालत येतील, अशी खोली असल्याखेरीज हे नियमितपणे करता येणार नाही, असे माझे मत त्यातून बनले.

शाळा 15 जूनला उघडली आणि पुढच्याच आठवड्यात मी मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे, लेखी अर्ज दिला. माझ्याकडच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घेतली. आपल्याच शाळेत आपल्याच मुख्याध्यापिकांना अर्ज कशाला, असे वाटणे साहजिक आहे. पण पुढे शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात, शाळा व्यवस्थापन समितीपुढे आणि माजी विद्यार्थ्यांकडे जाताना प्रत्येक ठिकाणी हाच कागद मागितला गेला. अर्ज एका पानाचाच ठेवावा आणि त्याला एक तक्ता जोडावा. माझ्या तक्त्यात बालभारतीच्या पुस्तकातील प्रकरणाचे नाव, त्यासाठीची कृती, लागणारे साहित्य, किती तासिका लागतील आणि मूल्यमापनात तिची नोंद कोठे होईल, असे रकाने होते.

त्यातला शेवटचा रकाना सर्वांत उपयोगी पडला. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले आणि त्यातील आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाच्या साधनांमध्ये प्रात्यक्षिक, उपक्रम, कृती, प्रकल्प यांना स्वतंत्र स्थान आहे. या नोंदी आपण तशाही करतोच. त्या नोंदी कक्षातील प्रत्यक्ष कामावरून होतील, एवढेच मला दाखवायचे होते. मोठ्या बाईंनी अर्ज शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, "उपक्रम चांगला आहे, पण पोर्शन मागे राहता कामा नये. पालकसभेत उत्तर मला द्यावं लागतं." त्यांची काळजी रास्त होती. मी त्यांना एवढेच सांगितले, की कक्षातील तासिका ही जादा तासिका असणार नाही. अपूर्णांकांचा गुणाकार ज्या दिवशी वर्गात शिकवायचा, त्याच दिवशी तो कक्षात शिकवला जाईल. हा मुद्दा पुढच्या सगळ्या घडामोडींत मी कधी सोडला नाही, आणि कोणालाही पहिला सल्ला द्यायचा तर हाच देईन. उपक्रम अभ्यासक्रमाच्या बाहेर ठेवला, तर सहामाही परीक्षा जवळ आल्यावर सर्वांत आधी तोच बंद पडतो.

शाळा व्यवस्थापन समितीच्या जुलैच्या सभेत ठराव झाला. ठरावात 'गणित कक्षास तत्त्वतः मान्यता' एवढेच लिहिले जात होते. त्यात खोलीचा उल्लेख आणि 'शाळेवर आर्थिक भार न पडता' हे शब्द घालावेत, अशी विनंती मी केली. या शब्दांमुळे संस्थेच्या कार्यकारिणीकडून मंजुरी मिळणे सोपे गेले. ती सभा महिन्यातून एकदाच होते, त्यामुळे विषयपत्रिका निघण्यापूर्वी पत्र पोहोचवायचे, हे लक्षात ठेवावे लागते.

खोली होती तळमजल्यावर, जिन्यालगत. पण तिच्यात छतापर्यंत मोडकी बाके, गंजलेली कपाटे आणि बंद पडलेली यंत्रे रचलेली होती. ही रद्दी उचलून बाहेर ठेवली की झाले, असा अनेकांचा समज असतो. त्यांतली प्रत्येक वस्तू जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे आपण जिला डेडस्टॉक म्हणतो तिच्यात, नोंदलेली असते आणि तिचे रीतसर निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून ती कमी करणे, झाल्याशिवाय ती हलवता येत नाही. त्यासाठी वस्तूचे नाव, खरेदीची तारीख, मूळ किंमत, नोंदवहीतील पान क्रमांक आणि आजची स्थिती अशी यादी करावी लागते. त्यानंतर निर्लेखन समितीची पाहणी, शेरा, संस्थेची मंजुरी, भंगार घेणाऱ्यांचे दर, आलेल्या पैशांचा भरणा आणि पावती, असा क्रम असतो. काही बाकांची नोंद सापडायला फार वेळ लागला, कारण जुन्या नोंदवहीची पाने ओल लागून चिकटली होती. आमच्या कार्यालयातील वरिष्ठ लिपिक भाऊंनी मधल्या सुटीत बसून माझ्याबरोबर ती पाने सोडवली. जुलै आणि ऑगस्टचा बराचसा काळ यातच गेला. बाहेर पाऊस आणि आत धूळ, अशा त्या दिवसांत हे काम कधी संपणारच नाही, असे मला अनेकदा वाटले. तुमच्याकडेही अशी खोली असेल, तर निर्लेखनाचा प्रस्ताव अर्जाच्या बरोबरच, जूनमध्ये, सुरू करा. बाकीची कामे त्याच्या जोडीने चालू शकतात.

या वाट पाहण्याच्या काळात मी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात जाऊन आले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हे केंद्र 1974 पासून विज्ञान आणि गणिताच्या शिक्षणावर काम करत आहे. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने वाशी आणि तिथून हार्बर मार्गाने मानखुर्द, असा सोपा रस्ता आहे. मात्र आधी ईमेल करून वेळ ठरवूनच जावे. तिथून परतताना एक विचार पक्का झाला : साहित्य मुलाने स्वतः हलवायचे असते. काचेच्या कपाटात मांडलेले सुंदर प्रतिमान (मॉडेल) मुलांना शिकवत नाही. त्यामुळे प्रत्येक वस्तू किमान अर्ध्या वर्गाला एकाच वेळी पुरेल इतकी हवी, आणि तशी ती परवडायची तर साधीच असायला हवी.

खर्चाचा प्रश्न त्यामुळे बराच सोपा झाला. आम्ही रीतीप्रमाणे तीन दरपत्रके मागवली होती. त्यांपैकी एका पुरवठादाराने तयार गणित प्रयोगशाळा संचाचा दर एक लाखाच्या वर दिला होता. त्यात वस्तू पुष्कळ होत्या, पण बहुतेक एकेकच, आणि निम्म्या तरी सहावी-सातवीच्या पुस्तकाशी संबंध नसलेल्या. शाळेच्या एका माजी तुकडीने 20,000 रुपये देण्याची तयारी दाखवली आणि आम्ही साहित्य स्वतः करून घ्यायचे ठरवले. देणगीदारांना आयकरातील 80जी ची, म्हणजे देणगीवर करसवलत मिळवून देणारी, पावती हवी होती. ती नोंदणी संस्थेची असते, शाळेची नसते; म्हणून रक्कम संस्थेच्या खात्यात जमा झाली आणि तिथून शाळेच्या खात्यात येईपर्यंत आणखी काही आठवडे गेले. देणगीपत्रावर 'केवळ गणित कक्षासाठी' असे लिहून घ्यायला विसरू नका.

प्रत्यक्ष खर्च असा झाला. प्लायवूडच्या खिळ्यांच्या पाट्या 20 नग, सुताराच्या मजुरीसह 3,000 रुपये. फोमचे तक्ते आणि जाड कार्डपेपर 2,400. दोन रंगांची बटणे 600. झाकणाचे प्लास्टिकचे डबे 1,800. जुन्या कपाटाची दुरुस्ती आणि रंग 1,500. निर्लेखनातून वगळलेल्या बाकांना सपाट फळ्या बसवून टेबले करण्याचे 4,200. मोजपट्ट्या, मापे आणि वजने 1,900. हिरवा फळा 2,600. एकूण 18,000 रुपये. उरलेले 2,000 पुढच्या वर्षीच्या किरकोळ भरपाईसाठी ठेवले. डबे, कार्डपेपर आणि बटणे जांभळी नाक्याच्या बाजारात घाऊक दराने मिळाली. घाऊक दुकानात शाळेच्या नावाचे, जीएसटी क्रमांक असलेले बिल आधीच मागावे. नंतर मागितले तर तो दुकानदारालाही त्रास असतो आणि लेखापरीक्षणात आपल्यालाही.

खिळ्यांच्या पाटीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण तिची चौकशी सर्वांत जास्त होते. नऊ इंच चौरस प्लायवूडवर उभ्या आडव्या पाच-पाच ओळींत समान अंतरावर 25 खिळे ठोकायचे आणि त्यांवर रबर ताणून आकृत्या करायच्या, एवढीच तिची रचना आहे. पण ठाण्याच्या हवेत साधे खिळे एका पावसाळ्यात गंजतात आणि कार्यालयातले रबरबँड चिकट होऊन तुटतात. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेले, बोथट डोक्याचे खिळे घ्यावेत आणि केसांना लावायचे छोटे कापडी रबर वापरावेत. ते टिकतात आणि तुटून डोळ्याला लागण्याची भीती राहत नाही. पुठ्ठ्याचे तुकडे पावसाळ्यात वाकतात, त्याऐवजी फोम बरा. (a + b)² या विस्तारसूत्रासाठीचे चौरस आणि आयत मी फोमचेच केले आहेत.

गणपतीची सुट्टी संपल्यानंतर, सप्टेंबरच्या मध्यावर, सहावीचा पहिला वर्ग कक्षात आला. विषय होता पूर्णांक संख्यांची वजाबाकी. पांढरे बटण म्हणजे +1, लाल बटण म्हणजे −1, आणि एक पांढरे व एक लाल मिळून शून्य, एवढे ठरवून घेतले. मग प्रत्येक गटाला सांगितले, की टेबलावर −3 मांडा आणि त्यातून −5 काढून घ्या. मुलांनी तीन लाल बटणे मांडली आणि सगळी थांबली. "बाई, पाच नाहीतच, काढायचे कुठून?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक टेबलावरून आला. मी उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने मागच्या टेबलावरच्या एका मुलाने हळूच दोन पांढरी आणि दोन लाल बटणे आणून ठेवली आणि शेजाऱ्याला म्हणाला, "हे शून्यच आहे ना, मग ठेवलं तर काय बिघडलं?" आता पाच लाल बटणे होती. ती उचलली आणि दोन पांढरी उरली. फळ्यावर आम्ही (−3) − (−5) = +2 असे लिहिले, तेव्हा वजा वजा अधिक हा नियम मला सांगावाच लागला नाही. तो त्या टेबलावर सर्वांच्या देखत घडला होता. त्या तासिकेनंतर शिक्षक खोलीत आल्यावर मला फार हलके वाटले; जून महिन्यापासूनची धावपळ ज्या गोष्टीसाठी होती, ती डोळ्यांनी दिसली होती.

त्याच आठवड्यात मी एक नियम घालून घेतला आणि तो आजही पाळते. तासिकेतली शेवटची दहा मिनिटे साहित्य बाजूला ठेवून वहीत लिहायचे : आधी केलेल्या कृतीचे चित्र, त्याखाली गणिती मांडणी. हे केले नाही, तर मुलाला बटणे आठवतात आणि गणित आठवत नाही.

सहावीच्या पुस्तकात पूर्णांकांनंतर अपूर्णांकांवरील क्रिया येतात. त्यासाठी फक्त जुन्या वह्यांचे कोरे कागद लागले. कागदाला उभ्या घड्या घालून चार समान भाग करायचे आणि तीन भागांत तिरप्या रेषा मारायच्या. हे झाले 3/4. मग त्याच कागदाला आडव्या घड्या घालून तीन समान भाग करायचे आणि त्यांतल्या दोन पट्ट्यांत उलट्या दिशेने रेषा मारायच्या. कागद उलगडला, की बारा लहान घरे दिसतात आणि त्यांपैकी सहा घरांत दोन्ही रेषा असतात. म्हणजे 3/4 चा 2/3 हा 6/12, अर्थात अर्धा. एका मुलीने घरे दोनदा मोजली आणि विचारले, "बाई, गुणाकार केला तर उत्तर मोठं यायला हवं ना? हे तर 3/4 पेक्षा लहान आलं." गुणाकाराने संख्या वाढतेच, हा समज मुलांच्या मनात दुसरीपासून बसलेला असतो आणि तो कोणी उघडपणे बोलून दाखवत नाही. मी तो प्रश्न फळ्यावर लिहिला आणि पुढची अख्खी तासिका त्यालाच दिली. पूर्णाचा भाग घेणे आणि भागाचा भाग घेणे, यांतला फरक मुलांनी कागद हातात धरून एकमेकांना समजावला. माझ्या नियोजनात ही तासिका नव्हती. परंतु अपूर्णांकांच्या भागाकाराला नंतर नेहमीपेक्षा कमी वेळ लागला, कारण '1/2 मध्ये 1/4 किती वेळा बसतो' हा प्रश्न मुलांना आपोआप सुचू लागला होता.

ऑक्टोबरच्या पालकसभेत एका वडिलांनी विचारले, "मॅडम, मुलगा सांगतो गणिताला बटणं खेळलो. तिकडे नुसतं खेळतात का?" मी पालकांना कक्षात नेले आणि मुलांना दिलेलेच गणित त्यांना बटणांनी करायला दिले. त्यानंतर बोलण्याची फारशी गरज उरली नाही. पाढ्यांचे काय, असेही काही आयांनी विचारले. पाढे पाठ असायलाच हवेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ते आठवण्यात ज्याचा सगळा जोर खर्च होतो, त्या मुलाला पुढचा विचार करायला जागा राहत नाही. कक्षात सात गुणिले आठचा आयत मांडता येतो, पण सात आठे छप्पन्न ओठांवर यायला रोजचे म्हणणेच लागते.

पहिल्या सत्राच्या संकलित मूल्यमापनात गुणांमध्ये मोठा फरक पडला, असे मी म्हणणार नाही. उत्तरपत्रिकांच्या कडेला मात्र आयत, संख्यारेषा, ठिपके दिसू लागले. मुले अडली की काहीतरी काढून पाहू लागली होती. त्यानंतर दिवाळीची सुट्टी आणि विधानसभेची निवडणूक आली. 20 नोव्हेंबरच्या मतदानासाठी तळमजल्यावरच्या खोल्या द्याव्या लागल्या. साहित्य झाकणाच्या डब्यांत, प्रकरणांची नावे लिहून ठेवलेले असल्यामुळे ते वरच्या मजल्यावर हलवणे सोपे गेले.

डिसेंबरमध्ये मला सर्वांत जास्त आनंद मिळाला. श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस 22 डिसेंबर हा राष्ट्रीय गणित दिवस म्हणून साजरा होतो. त्या वर्षी तो रविवारी आला, म्हणून आम्ही शनिवारी, 21 तारखेला, कार्यक्रम ठेवला. भाषणे न ठेवता मुलांना द. रा. कापरेकर यांची ओळख करून द्यायची, असे मी ठरवले. कापरेकरांचा जन्म 1905 साली डहाणूचा, त्यांचे शालेय शिक्षण ठाण्यात झाले, आणि 1930 ते 1962 या काळात ते देवळालीला शाळेत शिक्षक होते. संख्यांवरचे आपले सारे काम त्यांनी शाळेतली नोकरी सांभाळून केले. ज्या गावात आपण शिकतो तिथेच शिकलेल्या एका शिक्षकाचे नाव जगभरच्या गणितात एका संख्येला दिलेले आहे, हे ऐकून मुले ताठ बसली.

ती संख्या 6174. कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, तिचे चारही अंक सारखे नसावेत एवढीच अट. अंकांची उतरती मांडणी करून त्यातून चढती मांडणी वजा करायची आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करायचे. 3524 घेतली तर 5432 − 2345 = 3087; मग 8730 − 0378 = 8352; मग 8532 − 2358 = 6174. पुढे कितीही वेळा केले तरी 7641 − 1467 = 6174 हेच येत राहते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या इथे पोहोचते. हे कापरेकरांनी 1949 मध्ये शोधले. हातच्याची वजाबाकी करायला कंटाळणारी मुले त्या दिवशी पाने भरभरून वजाबाक्या करत होती. शिक्षक म्हणून मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटली. सात पायऱ्यांत 6174 आली नाही, तर कुठेतरी हातचा चुकला आहे हे मुलाला स्वतःलाच कळते आणि तो मागे जाऊन शोधतो. मला लाल खूण करावी लागत नाही. एका गटाच्या लक्षात आले, की प्रत्येक वजाबाकीच्या उत्तराला 9 ने भाग जातो. असे का, याचा शोध घेताना विभाज्यतेच्या प्रकरणाची उजळणी होऊन गेली. दुसऱ्या टेबलावर कापरेकरांच्या डेम्लो संख्यांचे काम चालू होते : 11 चा वर्ग 121, 111 चा 12321, 1111 चा 1234321. हे नाव त्यांनी आजच्या डोंबिवली स्थानकाच्या तेव्हाच्या नावावरून दिले होते, हे सांगितल्यावर मुलांनी आपणहून पुढचे वर्ग करायला घेतले. या उपक्रमाचा खर्च शून्य आहे आणि तो कोणत्याही वर्गात उद्याच करता येईल.

सातवीला जानेवारीत पायथागोरसचा सिद्धांत होता. वर्गातील एका मुलीचे वडील गवंडीकाम करतात. त्यांना मी शनिवारी सकाळी, कामावर जाण्यापूर्वी, थोडा वेळ येण्याची विनंती केली. रोजंदारीवरच्या माणसाचा दिवस बुडू नये, हे पाहिलेच पाहिजे. त्यांनी मोजफीत काढून खोलीच्या कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर आणि दुसऱ्या भिंतीवर चार फुटांवर खडूने खूण केली, आणि मुलांना तिरपे अंतर मोजायला सांगितले. ते पाच फूट पाऊण इंच भरले. "कोपरा गुण्यात (काटकोनात) नाही, थोडा उघडा आहे," असे त्यांनी सांगितले, आणि मग मोठी खोली असेल तर सहा, आठ, दहा घेतात, म्हणजे फरक लवकर कळतो, हेही दाखवले. एका मुलाने विचारले, "काका, तुम्ही हे शाळेत शिकलात का?" ते म्हणाले, "नाही रे, मिस्त्रीकडे. पाच आलं नाही तर लादी तिरकी जाते आणि सगळी परत उखडावी लागते." त्यानंतर मुलांनी फोमच्या पट्ट्यांनी वेगवेगळे त्रिकोण करून पाहिले. 2, 3, 4 या बाजूंचा त्रिकोण होतो, पण काटकोन होत नाही. 4 आणि 9 मिळून 13, तर समोर 16. वर्ग मोठा आला की कोनही मोठा, हे त्यांचे त्यांनीच मांडले. खिळ्यांच्या पाटीवर 3 आणि 4 बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचे क्षेत्रफळ खिळे मोजून काढण्याचा, 1899 मध्ये गणितज्ञ गेऑर्ग पिक यांनी दिलेला नियमही जिज्ञासू मुलांना दिला : आतले खिळे 3, सीमेवरचे 8, त्यांचे निम्मे 4, 3 अधिक 4 वजा 1, म्हणजे 6. पाया गुणिले उंची भागिले दोन केले तरी 6 च येतात.

सगळ्याच प्रकरणांना साहित्य हवे असते, असे मला वाटत नाही. बँक आणि सरळव्याजासाठी घरच्या पासबुकाची झेरॉक्स पुरली, आणि काही विस्तारसूत्रांचा सराव वहीतच उत्तम होतो. कक्षात नेण्याजोगे काय आहे, हे प्रकरण वाचून ठरवावे.

फेब्रुवारीत तपासणीसाठी शिक्षण विभागाच्या विस्तार अधिकारी आल्या. त्यांनी साहित्य पाहिले, पण अधिक वेळ आकारिक मूल्यमापनाच्या नोंदींना दिला. जूनच्या तक्त्यातील शेवटचा रकाना आणि प्रत्यक्ष नोंदी जुळत होत्या, त्यामुळे मला वाटणारी धास्ती पहिल्या काही मिनिटांतच गेली. मार्चमध्ये वार्षिक साठा पडताळणी झाली. पाट्या, कपाट, टेबले, वजने ही जडसंग्रहात आणि बटणे, कागद, रबर ही उपभोग्य वस्तूंच्या नोंदवहीत, अशी विभागणी खरेदीच्याच वेळी करून घ्यावी. नाहीतर हरवलेल्या प्रत्येक बटणाचा खुलासा लिहावा लागेल. माजी विद्यार्थ्यांना बिलांच्या प्रती, खर्चाचा तक्ता आणि मुलांचे चेहरे न दिसणारी छायाचित्रे असा अहवाल पाठवला.

एप्रिलमध्ये वेळापत्रक समितीकडे मी लेखी मागणी दिली : सहावी आणि सातवीच्या प्रत्येक तुकडीसाठी आठवड्यात सलग दोन तासिका, त्यांपैकी कोणतीही शेवटची नको. ती मान्य झाली आणि 16 जून 2025 रोजी शाळा उघडली तेव्हा वर्गांच्या दारावरील वेळापत्रकात 'गणित कक्ष' असे छापलेले होते. आता आठवीच्या समांतर रेषा आणि छेदिकेसाठी फिरत्या पट्ट्यांचे साहित्य करायचे आहे. त्यासाठी राखून ठेवलेले 2,000 रुपये पुरणार नाहीत, म्हणून जुलैच्या समितीसभेसाठी पुरवणी मागणीचे पत्र कार्यालयात दिले आहे आणि त्यावर आवक क्रमांक घेतला आहे. पाट्यांचे सैल झालेले खिळे सुतार पुढच्या शनिवारी येऊन ठोकून देणार आहेत.